अठरा वार कापड

वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून राज्यांचे उदयास्त, संतांचे कार्य, विज्ञानाची झेप अशा थोर विषयांवर विद्वान बोलतात. अशा ठिकाणी अंगातल्या सदऱ्याविषयी बोलावयास उभे राहणे काही श्रोत्यांना थट्टेचे वाटेल. परंतु आमचे उभे आयुष्य कामकऱ्यांच्या मागण्यांचे अर्ज लिहिण्यात गेले आहे, आणि त्या अर्जांत भाकरीच्या खालोखाल दुसरी बाब नेहमी कापडाचीच असते. कामावर घालून जाण्याजोगा, अंगाला नीट बसणारा, टिकाऊ सदरा गरिबाला परवडेल अशा दरात कसा मिळावा, हा प्रश्न आजचा नाही. आमच्या जुन्नर-आंबेगावात त्याचे धागे थेट लेण्यांच्या काळापर्यंत जाऊन पोचतात. तेवढा धागा आज उलगडून पाहावयाचा आहे.

जुन्नरच्या भोवतालच्या डोंगरांत दीडशेहून अधिक लेणी आहेत. नाणेघाटाने कोकणातून वर येणारा आणि देशावरून बंदरांकडे उतरणारा माल याच गावावरून जाई. त्या व्यापारात कापडाचे स्थान मोठे होते. एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहिलेल्या समुद्रप्रवासाच्या पुस्तकात तगर, म्हणजे आजचे तेर, येथून साधे कापड आणि नाना तऱ्हेची मलमल भडोच बंदराकडे जात असल्याची नोंद आहे. जुन्नरच्या लेण्यांतील शिलालेखांत राजेरजवाड्यांपेक्षा कारागीर आणि व्यापारीच अधिक भेटतात. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिल्याचा लेख तेथे आहे. श्रेणी म्हणजे एका धंद्यातल्या लोकांचा संघ. आजच्या भाषेत युनियन आणि पतपेढी यांचे मिश्रण म्हणावयास हरकत नाही.

मनमोडीच्या डोंगरात महाक्षत्रप नहपान याचा अमात्य अयम याचा लेख आहे. त्याच नहपानाचा जावई उषवदात याने नाशिकच्या लेण्यांत कोरवून ठेवलेला एक लेख आमच्या आजच्या विषयाचा पाया होय. उषवदाताने तीन हजार कार्षापणांची ठेव गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. त्यांपैकी दोन हजार एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. मूळ रक्कम परत घ्यावयाची नाही, केवळ व्याज वापरावयाचे. त्या व्याजातून, लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंपैकी प्रत्येकाला वस्त्रांसाठी बारा कार्षापण द्यावयाचे.

हा हिशेब श्रोत्यांनी मनातल्या मनात करून पाहावा. दोन हजारांवर शेकडा एक म्हणजे महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्षूंत वाटले की प्रत्येकी बरोबर बारा. एक पैसा इकडे नाही की तिकडे नाही. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी या मुलखात कोणीतरी बसून ठरविले की एका माणसाला वर्षाला वस्त्रासाठी अमुक लागते, त्याची तरतूद आधी झाली पाहिजे, आणि ती तरतूद कापड विणणाऱ्यांच्या संघटनेच्या हाती सुरक्षित राहील. ही रक्कम निगमसभेत जाहीर करून दप्तरी नोंदविल्याचेही त्या लेखात म्हटले आहे. वस्त्र ही दयेने द्यावयाची चिंधी नव्हे, ती हिशेबाने मिळावयाची गोष्ट आहे, हा विचार येथे दगडावर कोरलेला आहे.

त्या काळी शिवलेला सदरा सर्रास नव्हता. वस्त्र म्हणजे गुंडाळावयाचे आणि पांघरावयाचे कापड. शिवलेल्या कपड्यांची नावेच सांगतात की ते कोणकोणत्या वाटांनी आले. पैरण फारसीतून आली, खमीस अरबीतून, शर्ट इंग्रजीतून. आमच्या मावळपट्टीच्या शेतकऱ्याच्या अंगावर मात्र पिढ्यान्‌पिढ्या बंडी, कोपरी किंवा पैरण, खाली धोतर किंवा लंगोटी आणि खांद्यावर घोंगडी एवढेच असे. हे कपडे ढगळ असत. मापाचा प्रश्न त्यांत फारसा येत नसे. वाकताना, नांगर धरताना, ओझे उचलताना अंगाला कोठे ओढ बसू नये एवढेच पाहिले जाई.

अंगाला बसणाऱ्या सदऱ्याची गरज कचेरीने आणि गिरणीने निर्माण केली. १८५४ साली मुंबईत कावसजी दावर यांनी पहिल्या कापड गिरणीचा उद्योग सुरू केला. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत घाटावरून आणि कोकणातून माणसांचे लोंढे मुंबईकडे वाहू लागले. साच्यांच्या पट्ट्यांजवळ ढगळ पैरणीचा घोळ जिवावर बेतण्याचे भय असे. दुसरीकडे शाळामास्तर, तलाठी, टपालवाला, कारकून अशी नवी माणसे तयार झाली. त्यांना कॉलरचा सदरा हा पगाराइतकाच आवश्यक झाला. परीटघडीचा सदरा अंगात असला की साहेब ‘बसा’ म्हणे, नसला की उंबऱ्याबाहेर उभे करी. माणसाची किंमत कपड्यावरून ठरू नये हे खरे. पण ती ठरविली जाते हेही तितकेच खरे.

याच सुमारास शिवणयंत्र आले. अमेरिकेत सिंगर याने १८५१ साली आपल्या यंत्राचा हक्क नोंदविला. यंत्राच्या एका कारखानदाराने त्या काळी प्रसिद्ध केलेल्या तक्त्यानुसार पुरुषाचा एक सदरा हाताने शिवावयास सुमारे साडेचौदा तास लागत, ते काम यंत्रावर सव्वा तासात होऊ लागले. वाचलेले तेरा तास कोणाच्या पदरात पडले? शिवणाऱ्या बाईच्या पदरात ते पडले नाहीत. थॉमस हूड या इंग्रज कवीने १८४३ साली सदरे शिवणाऱ्या स्त्रीच्या हालांवर कविता लिहिली, तेव्हा यंत्र यावयाचे होते. यंत्र आल्यावरही तिची मजुरी नगावरच राहिली. अमेरिकेतील ट्रॉय हे गाव सुट्या कॉलरी बनविण्यासाठी प्रसिद्ध होते. सगळा सदरा रोज धुण्यापेक्षा मळलेली कॉलर तेवढी काढून धुवावी, ही तेथलीच युक्ती. त्या कॉलरी धुऊन, खळ घालून, इस्त्री करणाऱ्या स्त्रियांनी १८६४ साली केट मुलानी या तरुण आयरिश बाईच्या पुढाकाराने युनियन बांधली, संप केला आणि मजुरी वाढवून घेतली. पांढऱ्या कॉलरीला लढ्याचाही इतिहास आहे तो असा.

आमच्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि १८९० साली रविवारची सुट्टी मिळवून दिली. या सुट्टीचा विचार आम्ही विश्रांती म्हणून करतो. पण एकच धड सदरा असलेल्या माणसाला तो धुऊन वाळवावयास एक दिवस मिळाला, हेही काही थोडे झाले नाही. त्याच १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी मुंबईत जेवणाचे डबे पोचविण्याचा धंदा सुरू केला. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ, अकोले या भागांतली माणसे त्यात गेली. पांढरा सदरा, लेंगा आणि पांढरी टोपी हा त्यांचा वेष मालकाने लादलेला नाही. तो त्यांचा त्यांनी ठरविलेला आहे, आणि टोपी नसेल तर दंड करणारेही तेच. स्वतः ठरविलेल्या गणवेशात माणूस ताठ चालतो, हे त्यांच्याकडे पाहून कळते.

आता कापडाच्या इतिहासातील आमच्या तालुक्याच्या सर्वांत मोठ्या नावाकडे येऊ. आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळ या गावचा बाबू गेनू सैद हा गरीब शेतकऱ्याचा मुलगा. पोटासाठी मुंबईला गेला, गिरणीत लागला. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीला परदेशी कापडाने भरलेली लॉरी अडविण्यासाठी तो रस्त्यावर आडवा झाला. लॉरी त्याच्या अंगावरून गेली. वय अवघे बावीस. डिंभे धरणाच्या जलाशयाला आज त्याचे नाव आहे, आणि घोड नदीचे ते पाणी आमच्या शेतांना मिळते.

बाबू गेनूच्या बलिदानाकडे देशभक्तीची कथा म्हणून पाहिले जाते, ते योग्यच आहे. परंतु आम्हांस त्यात आणखी एक गोष्ट दिसते. तो गिरणीत राबणारा माणूस होता. बाहेरचे कापड इथल्या बाजारावर आले की गिरणीतल्या मजुराची मजुरी आणि गावच्या कोष्ट्याचा माग दोन्ही संकटात येतात, हे त्याला पुस्तकातून शिकावे लागले नाही. कापडाच्या किमतीच्या मागे कोणाचा तरी घास असतो, हे त्याला ठाऊक होते. आणि समोरच्या बाजूलाही मजूरच होते. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९३१ मध्ये, महात्मा गांधी लँकेशायरमधील डार्वेन येथे गेले. बहिष्काराने ज्यांची कामे गेली अशा तेथील गिरणी कामगारांनी त्यांचे आपुलकीने स्वागत केले. उपाशी माणसाला उपाशी माणसाची भाषा कळते.

स्वराज्य आल्यावर हिशेबाची गोष्ट पुन्हा निघाली. दुसऱ्या महायुद्धात कापडाची टंचाई, काळा बाजार आणि कापडावरील नियंत्रण हे सारे लोकांनी भोगले होते. जुलै १९५७ मध्ये दिल्लीत भारतीय श्रम परिषदेचे पंधरावे अधिवेशन भरले. सरकार, मालक आणि कामगार असे तिघेही तेथे होते. किमान वेतन कशाच्या आधारे ठरवावे, याचे माप तेथे एकमताने ठरले. अन्नाचे माप ठरले, घरभाड्याचे ठरले, आणि कापडाचे ठरले ते असे: माणशी वर्षाला अठरा वार, चौघांच्या कुटुंबाला बहात्तर वार. उषवदाताचे बारा कार्षापण आणि दिल्लीचे अठरा वार यांत अठराशे वर्षांहून अधिक काळ लोटला, पण प्रश्न तोच: एका माणसाला वर्षाला किती कापड लागते, आणि त्याची हमी कोणी द्यावयाची?

हे अठरा वार किती पुरतात ते पाहू. छत्तीस इंच पन्ह्याच्या कापडात मध्यम बांध्याच्या पुरुषाच्या पूर्ण बाह्यांच्या सदऱ्याला सुमारे पावणेतीन वार लागतात. तीन सदऱ्यांना सव्वाआठ वार. दोन विजारींना साडेपाच वार धरले, तर उरले सव्वाचार. त्यात अंतर्वस्त्रे, पंचा, आणि अंथरुणावरची चादर यांपैकी काय बसेल ते बसवावे. आता घरच्या बाईचे पाहा. नऊवारी लुगडी दोन घेतली की अठरा वार संपले. चोळीला चिंधी उरत नाही. म्हणजे मुलांच्या वाट्यातले कापड आईच्या चोळीला आणि बापाच्या पंचाला जाणार. आमच्या घरांत मोठ्याचा सदरा धाकट्याला, आणि धाकट्याचा झाला की गोधडीला, ही रीत कशी पडली याचे उत्तर या आकड्यांत आहे.

नवल असे की हे माप अजूनही चालू आहे. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने रेप्टाकॉस ब्रेट खटल्यात शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण आणि लग्नकार्य यांसाठी आणखी पंचवीस टक्के धरावयास सांगितले. कापडाचे माप तेच राहिले. २०१९ च्या वेतन संहितेखाली जे मसुदा-नियम निघाले, त्यांतही कुटुंबाला वर्षाला सहासष्ट मीटर कापड धरले आहे. सहासष्ट मीटर म्हणजेच बहात्तर वार. वाराचा मीटर झाला, कापड मात्र वाढले नाही.

मधल्या काळात कापड बनविणाऱ्याचे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांत संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यांतले बहुतेक पुन्हा आत गेलेच नाहीत. गिरणीतला माणूस दिवाळीला गावी येताना पॉपलीनचा तुकडा, मांजरपाटाचा वार घेऊन येई आणि गावचा शिंपी घरातल्या सर्वांची मापे घेई, ती रीत त्याबरोबर गेली. कापड भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांकडे गेले. लोअर परळच्या फिनिक्स गिरणीच्या आवारात आता मोठे दुकान-संकुल उभे आहे, आणि जेथे सूत निघत असे तेथे तयार सदरे काचेमागे टांगलेले दिसतात.

तयार कपड्याने गरिबाची सोय केली, हे नाकारण्यात अर्थ नाही. नारायणगाव, मंचर, ओतूर, घोडेगाव येथल्या बाजारात आज मुलाला मुलाखतीसाठी तासाभरात सदरा मिळतो. परंतु तयार सदऱ्याची मापे मुळात पलटणींसाठी जन्मली. अमेरिकेत १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात हजारो शिपायांची मापे घेऊन ठरावीक आकार पाडले गेले. आमच्याकडची अडतीस, चाळीस, बेचाळीस ही मापेही बहुतांशी परक्या तक्त्यांवर बेतलेली आहेत. म्हणूनच निफ्ट या सरकारी संस्थेला अलीकडे पंचवीस हजार भारतीयांची मापे घेण्याचा प्रकल्प हाती घ्यावा लागला. नांगर आणि ओझी यांनी रुंद झालेले खांदे व उपासाने बारीक राहिलेले पोट, अशा अंगाला छातीच्या मापाने घेतलेला सदरा पोटावर फुगतो. पोटाच्या मापाने घ्यावा तर खांद्यावर फाटतो.

गावचा शिंपी नाहीसा होत गेला तसे कापड पारखण्याचे ज्ञानही आमच्या हातून गेले. हे ज्ञान पूर्वी घराघरांत होते, आणि ते पुन्हा मिळविण्यास पैसा लागत नाही. कापड दोन बोटांत चोळावे. पांढरी पूड झडली तर वजन सुताचे नाही, खळीचे आहे, पहिल्या धुण्यात ते विरविरीत होईल. उजेडासमोर धरावे, वीण एकसारखी दिसते की कोठे दाट, कोठे विरळ, हे कळते. सुती कापड शिवण्यापूर्वी रात्रभर भिजवून सावलीत वाळवावे, म्हणजे ते काय आटावयाचे ते आधीच आटेल. तयार सदरा घ्यावयाचा तर प्रथम उलटा करून पाहावा. शिलाई इंचाला बारा-चौदा टाक्यांची असेल तर बरी, सात-आठ टाक्यांची असेल तर ती उसवणारच. शिवणीत आत थोडे जादा कापड ठेवलेले असते, त्याला आमचे शिंपी ‘माया’ म्हणतात. काय सुंदर शब्द आहे! माया सोडलेला सदरा अंग भरले तर सैल करता येतो. स्वस्त मालात पहिली कापली जाते ती मायाच.

अंगात घातल्यावर खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर यावी, खाली दंडावर उतरू नये. कॉलरचे बटण लावून आत दोन बोटे सहज जावीत. बाही मनगटाच्या हाडापर्यंत यावी. हात समोर करून गाडीचे हँडल धरल्यासारखे करावे; पाठीत ताण बसला तर तो सदरा कामाचा नव्हे. खांदे, पाठ आणि कॉलर बरोबर असतील तर पोटाचा घेर आणि बाहीची लांबी शिंपी थोड्या पैशात कमी करून देतो. खांदाच चुकला तर कोणीही दुरुस्त करू शकत नाही. कॉलर झिजली तर ती उसवून उलटी लावून घ्यावी. आपल्या वडील पिढीतल्या मास्तरांनी अशा पलटलेल्या कॉलरींवर अर्धी नोकरी काढली, आणि त्यांची शान कमी झाली नाही.

किमतीचा हिशेबही आम्ही चुकीचा करतो. समजा एक सदरा चारशे रुपयांना आहे आणि चाळीस धुण्यांत विटतो. दुसरा नऊशेला आहे आणि दीडशे धुणी टिकतो. पहिला धुण्यागणिक दहा रुपयांना पडला, दुसरा सहाला. गरिबाला महाग कपडा परवडत नाही असे आम्ही म्हणतो, पण खरे म्हणजे त्याला स्वस्त कपडाच परवडत नाही. मात्र येथे एक गाठ आहे. नऊशे रुपये एकदम काढावयास ज्याच्या हाती महिनाअखेर काही उरत नाही, त्याला हा हिशेब ठाऊक असूनही उपयोगाचा नाही. म्हणजे प्रश्न पुन्हा मजुरीपाशी येतो.

आमच्या तालुक्यांतली मुले आज चाकण, रांजणगावच्या कारखान्यांत ठेकेदारांच्या हाताखाली कामाला जातात. त्यांच्यापैकी अनेकांना गणवेशाचे दोन सदरे देऊन त्याचे पैसे पहिल्या पगारातून कापून घेतलेले आम्ही पाहिले आहेत. सदरा मापाचा नाही, तक्रार करावी तर काम जाण्याचे भय. १९३६ च्या वेतन कायद्याने पगारातून काय कापता येते याची यादीच घालून दिली होती, आणि त्याची जागा घेणाऱ्या २०१९ च्या संहितेनेही कपातीला मर्यादा घातल्या आहेत. मनाला येईल ती कपात चालत नाही, हे प्रत्येक मुलाच्या आईबापांना ठाऊक असावयास हवे. पगाराची पावती मागून घ्यावी आणि ती वाचावी.

फार स्वस्त सदरा दिसला की दुसऱ्या टोकाचीही आठवण ठेवावी. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात राणा प्लाझा ही इमारत कोसळली. अकराशेहून अधिक माणसे, बहुतेक तरुण बायका, शिवणयंत्रांसमोर मेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते. तरी त्यांना कामावर बोलाविले होते. त्या शिवत असलेले कपडे जगभरच्या स्वस्त दुकानांत जावयाचे होते.

मग उपाय काय? इतिहासाने तो दोनदा दाखविला आहे. १८४४ साली इंग्लंडातील रॉचडेल येथे मूठभर कोष्टी आणि कारागीर यांनी पै-पै जमवून स्वतःचे ग्राहक भांडार काढले, आणि जगातल्या सहकारी चळवळीचा पाया घातला. १९४८ साली मुंबईत नायगावला गिरणी कामगारांनी ‘अपना बाजार’ सुरू केला. दोन्ही ठिकाणी कल्पना एकच होती: एकट्याने दुकानदारासमोर उभे राहू नये, दहाजणांनी मिळून घाऊक माल घ्यावा. आमच्या दोन तालुक्यांत दुधाच्या संस्था आहेत, पतसंस्था आहेत, बचत गट आहेत. ज्या गटातल्या बायका शिवणकाम शिकल्या आहेत, त्यांनी चांगल्या पॉपलीनचा तागा घाऊक आणावा, गावातल्या मुलांची मापे घ्यावीत, सदऱ्याचे पैसे चार हप्त्यांत घ्यावेत आणि शिलाईची मजुरी आधी ठरवून ती कमी करू नये. घेणारा आणि शिवणारी एकमेकांच्या ओळखीची असली की मापही बरोबर येते आणि मायाही सुटते. यात अशक्य काय आहे? कोष्ट्यांच्या श्रेणीकडे ठेव ठेवून तिच्या व्याजातून वीस माणसांचे कापड भागविणारी व्यवस्था या सह्याद्रीच्या कुशीत एकेकाळी चालू होती.

श्रोतेहो, अठरा वारांचा आकडा कोणा अधिकाऱ्याने आकाशातून आणलेला नाही. कामगारांच्या प्रतिनिधींनी टेबलाशी बसून तो मिळविला, म्हणून तो कागदावर आला. तो आता अपुरा आहे. कारखान्यात, कचेरीत, दुकानात जाणाऱ्या आजच्या मुलामुलींना वर्षाला किती आणि कसले कपडे लागतात, याचा नवा हिशेब आपणच घराघरांतून मांडला पाहिजे, आणि तो घेऊन वेतन ठरविणाऱ्यांच्या दारी गेले पाहिजे. येत्या पावसाळ्यापूर्वी निदान आपापल्या गावात ही मोजणी सुरू करावी, एवढीच या व्याख्यानाच्या निमित्ताने आमची विनंती आहे.